जुन्या पंगतीची भाजी

जुन्या काळची पंगत पुन्हा मांडावयाची असे कोणी मनावर घेतले म्हणजे पाट, पत्रावळी, समया आणि रांगोळी यांची जुळवाजुळव फारशी अडत नाही. अडते ती भाजीपाशी. पाट जुना मिळतो, पितळेची भांडी माळ्यावरून खाली काढता येतात. परंतु भाजी ही आज सकाळी मंडईतून आणावी लागते, आणि मंडई ही आजची असते. तेव्हा जुन्या पानावर कोणती भाजी वाढावी आणि कोणती वाढू नये हा प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला दिसतो. थोडे खोल गेले की तो खऱ्याखोट्याचा, आणि म्हणून कर्तव्याचाही प्रश्न होतो, असे आम्हांस वाटते.

बडोद्याच्या नागरवाड्यातील काही मराठी मंडळींत या प्रश्नावरून मध्यंतरी एक खटका उडाला. गायकवाडांच्या आरंभीच्या काळातले जेवण करून पाहावे आणि मुलाबाळांना खाऊ घालावे असा त्यांचा बेत होता. काळ ठरला दामाजीरावांचा. बडोदे १७३४ साली कायमचे गायकवाडांकडे आले ते याच दामाजीरावांच्या कारकिर्दीत. १७६१ च्या पानिपतातून ते परत आले आणि १७६८ मध्ये निवर्तले. म्हणजे पंगतीवर अठराव्या शतकाच्या मध्याची तारीख पडली. स्वयंपाकाची सूत्रे ज्या काकूंच्या हाती होती त्यांनी अळूची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, लाल भोपळ्याचे भरीत आणि डाळिंब्यांची उसळ अशी यादी केली. इतिहासाचा अभ्यास करणारा एक तरुण तेथे होता. तो म्हणाला, "काकू, बटाटा काढा. दामाजीरावांच्या मुदपाकखान्यात तो शिजला नसणार." काकू म्हणाल्या, "शिजला नसेल रे. पण मिळाला असता तर त्यांनी तो टाकला असता का?" तरुणाने पुढे मिरचीवरही हरकत घेतली, तेव्हा "मग तिखटाऐवजी तुझे बोलणे घालते" असे म्हणून काकूंनी विषय संपविला.

विषय अर्थातच संपला नाही. आम्हांस तर काकूंचे वाक्य तरुणाच्या वाक्याइतकेच विचार करण्याजोगे वाटते. पण आधी तरुणाची बाजू पाहू.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कुशीतला. कोलंबसाचे जहाज १४९२ साली अटलांटिक ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत आपल्या बाजूच्या जगात कोणाला त्याची गंधवार्ता नव्हती. आपल्याकडे तो भाजी म्हणून घरोघर रुळला तो इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकात. सतराव्या शतकातील इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात 'पोटॅटो' हे नाव आढळते हे खरे. परंतु त्या काळी ते नाव रताळ्यालाही लावीत, आणि पोर्तुगीजांकडून आपण उचललेला 'बटाटा' हा शब्द तर मुळात रताळ्याचाच होता. टोमॅटो त्याच मुलखातला आणि आपल्याकडे उशिरा आलेला. फुलकोबीचे बी इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आले ते १८२२ साली, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर चार वर्षांनी. 'फरसबी' हे नाव तर आपली जन्मकुंडली स्वतःच सांगत हिंडते. तेव्हा बटाट्यापुरता तरुण बरोबर होता.

मिरचीच्या बाबतीत मात्र त्याचा उत्साह त्याच्या माहितीपुढे धावला. मिरचीही अमेरिकेतलीच, पण ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकातच पश्चिम किनाऱ्यावर उतरली. दामाजीरावांच्या काळापर्यंत तिला या भूमीवर दोनशे वर्षे होत आली होती. अकबराच्या दरबारात १५९० च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'आईन-ए-अकबरी'तील पाककृतींत मिरी आहे, मिरची नाही, हे प्रसिद्ध आहे. परंतु अकबराच्या पानावरून दामाजीरावांचे पान ठरविणे म्हणजे आजोबांच्या अंगरख्यावरून नातवाचे माप घेणे होय. 'परदेशी ती सगळी अलीकडची' हे समीकरण सोपे आहे, म्हणूनच फसवे आहे. बटाटा घालणे जितके खोटे, तितकेच त्या पंगतीतून मिरची हाकलणे खोटे.

आता उरते काय? पुष्कळ उरते. वांगे, पडवळ, दोडके, घोसाळे, कारले, तोंडले, काकडी, दुधी, कोहळा, सुरण, अळू, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्चे केळे, कोवळा फणस, वाल, चवळी. भेंडी आफ्रिकेतून आली असे वनस्पतिशास्त्र सांगते, पण तिचा प्रवास या वादाच्या कितीतरी आधीचा. ही नावे एका दमात उच्चारून पाहावीत. त्यांतील निम्मी आज घरातल्या मुलांना नावडती आहेत, आणि पडवळासारखी एखादी मंडईतही शोधावी लागते. बटाटा गेला म्हणून जुने पान ओके पडेल ही भीती खरी नाही. आपल्या जिभेची खोली आखूड झाली आहे इतकाच तिचा अर्थ.

भाजी ठरली तरी ती विकत आणताना आणखी एक पेच पडतो, आणि तो नागरवाड्यासारख्या ठिकाणी विशेष पडतो. संस्कृतात 'कूष्मांड' म्हणून जे फळ आहे ते आपला कोहळा: बाहेरून पांढुरका, आतून पांढरा, ज्याचा पेठा करतात तो. त्याच शब्दाची गुजराती लेक 'कोळुं'. परंतु बडोद्याच्या खंडेराव मार्केटात 'कोळुं' मागितले तर पुढ्यात येतो तो बहुधा लाल भोपळा, म्हणजे अमेरिकेतून आलेले फळ. कोहळा हवा असेल तर 'भूरुं कोळुं' असे स्पष्ट करून सांगावे लागते. नाव घरचे राहिले आणि त्या नावाच्या घरात नवा पाहुणा कायमचा राहावयास आला. मिरचीची कथा अशीच. संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरी. नवी तिखट शेंग आली तेव्हा मराठीने तिला त्याच कुळातले 'मिरची' हे नाव देऊन घरात घेतले, आणि कोकणीने 'मिरसांग' म्हटले. जुन्या ग्रंथात 'मरिच' वाचून हिरव्या मिरच्या चिरावयास बसणारे भाषांतरकार आम्ही पाहिले आहेत. शब्द जुना असला की वस्तूही जुनी असेल असे मानणे ही या क्षेत्रातील सर्वांत सुलभ चूक होय.

बडोदेकरांना तर असल्या जुन्या ग्रंथांचा सहवास घरबसल्या लाभलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास रचलेला 'मानसोल्लास' गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत याच शहरातून प्रसिद्ध झाला. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला पहिला भाग १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली. त्यातील अन्नभोगाचे प्रकरण जुन्या पाककलेच्या जिज्ञासूंना नेहमी मोहात पाडते. तेथे मांडे आहेत, वडे आहेत, आजच्या इडलीची आणि डोशाची पूर्वजा आहेत. पण तेथे भाजलेले उंदीर आणि कासवही आहे. बाराव्या शतकाची अस्सल पंगत घालणारे अनेक गृहस्थ बटाट्याचा अंशही पानाला लागू देत नाहीत. उंदराचा विषय मात्र निघतच नाही. कोणी उंदीर खावा असा आमचा आग्रह नाही. पण निवड आपण करतो आणि जबाबदारी मात्र इतिहासावर टाकतो, एवढे तरी मान्य करावयास हवे.

आता काकूंचा प्रश्न. मिळाला असता तर टाकला असता का? नसता टाकला. मिरची ज्यांनी इतक्या लवकर आपलीशी केली, ते लोक बटाट्याला दारातून परत पाठवते असे मानण्यास काहीच आधार नाही. स्वयंपाकाची परंपरा वस्तूंच्या यादीत राहत नाही. मिळेल ते आपल्या रीतीने शिजविण्याच्या हातोटीत ती राहते. काकू फोडणी कशी देतात, मीठ केव्हा घालतात, नैवेद्याचे पान कोणत्या बाजूपासून वाढतात, यांत दामाजीरावांच्या काळचे काही ना काही उतरले असण्याचा संभव त्या तरुणाच्या टिपणवहीपेक्षा अधिक. जिवंत स्वयंपाकघराने कोणत्याही शतकाची परवानगी मागण्याचे कारण नाही.

परंतु पानाला तारीख दिली की गोष्ट बदलते. 'हे दामाजीरावांच्या वेळचे जेवण' असे म्हणून ताट पुढे करणे ही साक्ष आहे. जेवणाऱ्याजवळ ती पडताळून पाहण्याचे साधन नसते. त्याने विश्वासावर घास घेतलेला असतो. पंगतीला बसलेले दहा वर्षांचे पोर घरी जाऊन सांगणार की पानिपतावर गेलेले लोक बटाट्याची भाजी खात होते, आणि ते तसे आयुष्यभर सांगत राहणार. ज्यांच्याविषयी ही साक्ष द्यावयाची ते तर उठून हरकत घेऊ शकत नाहीत. 'मिळाले असते तर खाल्ले असते' या युक्तिवादाला मर्यादा घातली नाही तर मृतांच्या तोंडी काहीही घालता येते. 'त्यांना सुचले असते तर त्यांनी असेच म्हटले असते' असे म्हणूनच बनावट पत्रे आणि बनावट वंशावळी आजवर लिहिल्या गेल्या आहेत. बटाट्याची फोड ही क्षुल्लक गोष्ट आहे असे कोणी म्हणेल. क्षुल्लक आहेच. पण जेथे लाभ काही नाही तेथेही खरे सांगावयाचे की नाही, याची परीक्षा क्षुल्लक गोष्टीतच होते.

येथे सावतामाळ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचा हा संत १२९५ साली समाधिस्थ झाला. आपल्या मळ्यातल्या भाज्यांतच त्याने विठ्ठल पाहिला, आणि त्याच्या नावावरचा तो अभंग महाराष्ट्रात पाठ नसलेला माणूस विरळा. त्या अभंगात मिरचीचेही नाव आहे. सावत्याच्या मळ्यात मिरची असणे शक्य नव्हते. ती यावयास दोनशेहून अधिक वर्षे होती. मग काय करावे? अभंगातून मिरची उपटून काढावी काय? आम्ही म्हणू, मुळीच नाही. शतकानुशतके तो अभंग गाणाऱ्यांनी आपापल्या वाफ्यातली भाजी त्यात लावली, आणि आपल्या वाफ्यात देव पाहावयाचा हाच तर त्या अभंगाचा आशय. गाणाऱ्याने 'ही तेराव्या शतकातील पिकांची नोंद आहे' असा दावा कधी केला नाही. तोच अभंग पुढे करून एखाद्याने यादवकालीन पंगतीत ठेचा वाढला, तर दोष अभंगाचा नव्हे, वाढणाऱ्याचा. एकच मिरची भजनात खरी आणि तारीख दिलेल्या पानात खोटी असू शकते, आणि हे ज्याला विसंगत वाटते त्याने दोन वेगळ्या वचनांची गल्लत केलेली असते.

आपल्या व्रतवैकल्यांकडे पाहिले म्हणजे ही गल्लत किती खोल गेली आहे ते कळते. उपासाचे ताट आपण फार प्राचीन समजतो. त्यात बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची: सारी मंडळी अमेरिकेतली. आजचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, आणि त्याचा धंदा तमिळनाडूतील सेलमच्या बाजूला वाढला तो १९४० नंतर. जुनी म्हणावी अशी वरी आणि शिंगाडा. भाद्रपद शुद्ध पंचमीची ऋषीची भाजी तर बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही या संकल्पाची. तिच्यातही अनेक घरी मक्याच्या कणसाचे तुकडे आणि लाल भोपळा पडतो. गोव्यात चवथीच्या दिवसांत खतखतें होते त्यातही कणसां असतात, आणि तेफळां व सोलां यांच्या संगतीत ती इतकी मुरलेली असतात की त्यांना परकी म्हणण्याचा विचारही कोणाला शिवत नाही. याउलट पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा आणि टोमॅटो आजही चालत नाहीत. दोन्ही रीतींत आम्हांस दोष दिसत नाही. व्रत हे वचन आहे आणि ते ज्या रूपात मिळाले त्या रूपात पाळावयाचे असते.

श्राद्धाचा विचार यात सर्वांत नाजूक. बटाट्याची काचऱ्याची भाजी ज्यांना जीव की प्राण होती अशा एखाद्या सासूबाईंच्या तिथीला सुनेने तीच भाजी करावी की नाही? शास्त्री-भटजी काय सांगतील ते सांगोत. प्रश्न केवळ काळाशी इमान राखण्याचा असेल, तर त्या बाई विसाव्या शतकात जगल्या आणि बटाटा त्यांच्या काळचाच. तेथे बटाटा टाळून पडवळ वाढणारी सून इतिहासाला धरून असेल, पण सासूबाईंना धरून नसेल. कोणाच्या पानाची गोष्ट चालली आहे हे आधी ठरले पाहिजे. शतक त्यामागून ठरते.

आणि हाच प्रश्न नागरवाड्याच्या त्या पंगतीलाही विचारावा लागेल. दामाजीरावांच्या वेळचे जेवण म्हणजे कोणाचे? दामाजीरावांचे, की त्यांच्या घोड्यांना दाणा घालणाऱ्याचे? 'मानसोल्लासा'त, महाराष्ट्रातील बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. राजाच्या ग्रंथाने त्यांचे गाणे टिपले; अन्नभोग मात्र राजाचा वर्णिला. 'पेशवाई थाट', 'शाही भोजन' अशी नावे देऊन ज्या पंगती उठतात त्यांत जणू सारा महाराष्ट्र रोज पंचपक्वान्ने जेवत होता असा भास होतो, आणि आमच्या मते बटाट्याहून हा भास अधिक मोठे असत्य आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, कांदा, आणि पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारे टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा असले पाले यांची पंगत कोणी घालीत नाही. गंमत अशी की या पाल्यांच्या बाबतीत ग्रंथांपेक्षा काकूच अधिक जाणतात. टाकळ्याची पाने किती कोवळी असताना खुडावी, कुर्डूचे देठ घ्यावे की नाही, हे कोठल्याही टिपणवहीत सापडावयाचे नाही. बटाट्यावर ज्याने त्यांना अडविले, त्या तरुणाने येथे त्यांच्यापुढे बसून लिहून घ्यावयास हवे.

बियाण्याविषयी एकच शब्द. वांगे भारतातलेच, पण आज मंडईत जे वांगे मिळते ते बहुधा संकरित बियाण्याचे. गाजराचेही तसेच, नारिंगी गाजर युरोपातले, आणि आपल्याकडचे जुने गाजर लाल किंवा काळपट. तेव्हा जात बरोबर मिळाली तरी चव तंतोतंत मिळेल असे नाही. यावरून 'सगळेच अंदाज, मग बटाट्याने काय बिघडले' असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. नाणे झिजलेले आहे म्हणून खोटे नाणे चालवावे, अशातला हा प्रकार.

एका गोष्टीची मात्र आम्हांस धास्ती वाटते. कोणती भाजी केव्हा आली या ज्ञानाचा उपयोग, कोणती भाजी आपली आणि कोणती परकी हे ठरविण्याकडे वळू लागतो. तसे करावयाचे झाल्यास काजू, पेरू, पपई, अननस यांच्याबरोबर कोथिंबिरीलाही निरोप द्यावा लागेल, कारण तिचे माहेर भूमध्यसमुद्राच्या बाजूचे. कांदा-लसणाची मुळे मध्य आशियाकडे जातात. गोव्याचा काजू किंवा रत्नागिरीचा काजू परका म्हणणाऱ्याने तो विकून पोट भरणाऱ्या घराकडे एकदा जाऊन यावे. येण्याची तारीख माहीत असणे आणि त्या तारखेवरून हक्क काढून घेणे यांत फार अंतर आहे. मराठी माणूसही बडोद्यास केव्हा आला त्याची तारीख आम्ही वर दिलीच आहे.

कधी काळी, दोनअडीचशे वर्षांनी, आजच्या नागरवाड्याची पंगत मांडावी असे कोणाच्या तरी मनात येईल. त्याला मराठी घरांतल्या सणावारांच्या पुरणपोळीची नोंद पुस्तकांत मिळेल. बडोद्याच्या रस्त्यावर मराठी उसळीवर गुजराती शेव पडून जी शेव-उसळ झाली तिची मात्र तितकी सहज मिळणार नाही, कारण जे रोज खातात ते कोणी लिहून ठेवीत नाही. वाटाणा पांढरा की हिरवा, तो रात्रभर भिजवीत की थोडाच वेळ, बटाटा रश्श्यात घालीत की नाही, तर्री वेगळी वाढीत की आधीच ओतून देत, पावाबरोबर कांदा चिरून येई की पातीचा: हे आजच, गाडीपाशी उभे राहून, पाच-दहा जणांना विचारून लिहिता येईल. त्या तरुणाजवळ टिपणवही आहेच.